बारा सदतीसची नोंद

मुकादमबाईला हे नाव तिच्या पहिल्या पेशंटने दिलं होतं. आजारी, थकलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी, अंघोळ बघायची हे तिचं काम. ते ती अशा आवाजात करायची की शेजारच्या घरातली धडधाकट माणसंसुद्धा गोळ्या घ्यायला उठावीत. पुढे तिला घरं देणाऱ्या कंपनीतल्या बायकाही तिला मुकादमबाईच म्हणायला लागल्या. एकोणीस वर्षांत तिच्याबद्दल तक्रारी आल्याच नाहीत असं नाही, पण सगळ्या एका छापाच्या: बाई फार बोलते, बाई फार दटावते. बाई उशिरा आली किंवा वेळेआधी निघून गेली, असं कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

तेव्हा ती एका म्हाताऱ्याकडे जात होती. म्हातारा जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. डोकं कधी जाग्यावर असायचं, कधी नसायचं. पाय तर दोन वर्षांपूर्वीच संपावर गेलेले. सकाळी आठ ते दुपारी एक अशी तिची वेळ होती. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा चष्म्याचं दुकान चालवायचा. एकला दुकानाचं शटर ओढून तो जेवायला घरी यायचा आणि सव्वाला पोचायचा. मधली पंधरा मिनिटं म्हातारा झोपलेला असायचा. पलंगाला कठडा नव्हता. कठडा लावून घ्या, नाहीतर एकच्या आत या, हे मुकादमबाईने त्या मुलाला चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा तो "बघतो" म्हणाला होता.

एका मंगळवारी तिने म्हाताऱ्याला भरवलं, चादर बदलली, उशी पाठीशी सारली आणि भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दोन मिनिटं झालेली पाहून दार ओढून घेतलं. सव्वाला मुलगा आला तेव्हा म्हातारा पलंगाखाली फरशीवर पडलेला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मुलाने किती वेळ पडला होतात असं विचारलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, फार वेळ, खूपच वेळ. नवव्या दिवशी तो गेला.

ते नऊ दिवस कंपनीने मुकादमबाईला दुसरं घर दिलं नाही. थांबा, कळवू, एवढाच निरोप. म्हातारा गेल्याचं कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून ती दम खात होती तोच मुलगा दारातून बाहेर आला. आजवर तो तिच्याशी अहो-जाहो करायचा. त्या दिवशी पहिलाच शब्द "तू" आला.

"बारा सदतीसला तू बसमध्ये चढलीस. कंपनीने मला कागद दाखवलाय. माझा बाप फरशीवर तळमळत होता आणि तू बाजारात हिंडत होतीस."

जिन्यातली दारं एकेक करून उघडली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. मुकादमबाई जन्मात कधी शब्दाला अडली नव्हती, पण त्या दिवशी अडली. ती फक्त म्हणाली की मी एकच्या आधी कधी निघाले नाही. तो म्हणाला, मशीन खोटं बोलतं का मग? आणि दार लावून घेतलं.

ती जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती तशीच तरातरा कंपनीच्या ऑफिसात पोचली.

कंपनीचा मॅनेजर तिच्या लेकीच्या वयाचा. आवाज कायम हळू, मऊ, जणू समोरचा माणूस नुकताच ऑपरेशनमधून बाहेर आलाय. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, मग एक कागद पुढे सरकवला. कंपनी सगळ्या बायकांना बसचं कार्ड द्यायची. चढताना ते मशीनला टेकवायचं, उतरताना टेकवायचं. मुकादमबाईला वाटायचं, एवढ्यावर कार्डाचं काम संपलं. ते प्रत्येक टेकवणं कुठेतरी लिहून ठेवतं, आणि कंपनीला ते हवं तेव्हा मागवता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

कागदावर त्या मंगळवारची दुपार होती. म्हाताऱ्याच्या घराजवळच्या स्टॉपवर बसमध्ये चढली, बारा सदतीस. चौकात उतरली, बारा छप्पन्न. तिथून घराकडे जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढली, एक चौतीस. मॅनेजरने पेन्सिलीचं टोक मधल्या जागेवर ठेवून सांगितलं की या दोन बसच्या मध्ये अडतीस मिनिटं आहेत, तिथेच बाजार आहे, आणि त्याखाली आणखी चार दिवस आहेत, त्या चारही दिवशी असंच झालंय.

मुकादमबाई म्हणाली की तिथे ती पाच-सहा मिनिटांवर कधी थांबत नाही. तिथे टेकायला बाक नाही, डोक्यावर पत्रा नाही, अडतीस मिनिटं उभी राहायला ती काय विजेचा खांब आहे? शिवाय म्हाताऱ्याच्या घरच्या वहीत ती रोज जायची वेळ लिहून सही करते. मॅनेजर म्हणाला की वहीत माणूस काहीही लिहू शकतो. कार्ड मात्र जे घडतं तेच लिहितं. हे तो इतक्या समजुतीच्या सुरात म्हणाला की तिला ती पेन्सिल त्याच्या हातातून घेऊन मोडावीशी वाटली. निघताना त्याने कार्ड मागून घेतलं, कामाचा एप्रन मागून घेतला. तो कागद तेवढा तिने हातातून सोडला नाही.

घरी लेक होती. लेक दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. दिवसभर लोकांना वेळा द्यायच्या, वेळा बदलायच्या, त्यामुळे आकड्यांशी तिची चांगली ओळख. आईने सगळं सांगितलं, मध्ये दोनदा भांडी आपटली, आणि कागद पुढे टाकला. लेकीने तो दोनदा वाचला. मग मान वर न करता हळूच विचारलं, "आई, खरं सांग. कधी निघायचीस का गं थोडी लवकर?"

जिन्यात झालं ते परक्याने केलं होतं. हे घरातलं होतं. तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा पिळलं. लेकीला आपण काय विचारून बसलो ते कळलं आणि ती सॉरी म्हणाली, पण तोवर तीर सुटला होता. दोन दिवस मायलेकींमध्ये फक्त कामापुरते शब्द होते: दूध आण, दार लाव.

त्या दोन दिवसांत मुकादमबाईने एक गोष्ट मनाशी पुन्हा पुन्हा घोळवून पाहिली, आणि ती गोष्ट तिने नंतरही कुणाला सांगितली नाही. आपण खरंच कधी घड्याळ चुकीचं वाचलं का? वय झालं, डोळ्यांवर चष्मा आहे, म्हाताऱ्याच्या घरातलं घड्याळ उंच लावलेलं आहे. एकदा तर ती पहाटे उठून स्वतःच्या भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघत उभी राहिली. ते बरोबर होतं. आपण एका कागदापायी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतोय, याची तिला इतकी चीड आली की ती त्याच सकाळी बस खात्याच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभी राहिली.

काउंटरवरचा कारकून मान वर न करणाऱ्यांपैकी. कार्ड कुणाच्या नावावर आहे? कंपनीच्या. मग नोंद कंपनीला मिळेल. मुकादमबाई हलली नाही. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. ती म्हणाली की बसमध्ये कंपनी बसत नव्हती, मी बसत होते. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"कार्डावर फोटो कुणाचा होता?"

"माझाच की."

"मग असं सांगा ना. ज्याचा फोटो त्याला नोंद मागता येते. पण अर्ज करावा लागेल, आठ दिवस लागतील."

कार्ड हाती नव्हतं, पण त्याचा नंबर मॅनेजरच्या कागदावर वर कोपऱ्यात छापलेला होता. तिने अर्ज भरला. तीन महिन्यांची नोंद हवी, सगळी, एकही ओळ न गाळता, असं तिने मोठ्या अक्षरात लिहिलं. आठाचे अकरा दिवस झाले. ती रोज जाऊन विचारायची. सहाव्या दिवसापासून कारकून तिला लांबूनच बघून मान हलवू लागला. बाराव्या दिवशी त्याने न बोलता सात पानं तिच्यापुढे ठेवली.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं केलं, पानं ओळीने मांडली आणि बसली. आधी काहीच कळेना. रकानेच्या रकाने, आकडेच आकडे, सगळे मुंग्यांसारखे. मुंग्या कुठून निघाल्या आणि कुठे चालल्या ते समजायला तिला अर्धा तास लागला. मग लेक आपणहून समोर येऊन बसली. तिने पट्टी घेतली, एकेका ओळीखाली धरली आणि वाचायला लागली: तारीख, वेळ, स्टॉप, चढली की उतरली, बसचा नंबर. मॅनेजरच्या कागदावर बसच्या नंबराचा रकाना नव्हताच.

लेक वाचायची, आई पेन्सिलीने खूण करायची. दुपारच्या दोन बसमधलं अंतर कधी पाच मिनिटं, कधी सात, कधी सहा. आणि मग पाच दिवस अडतीस-अडतीस. त्या पाचही दिवशी पहिल्या बसचा नंबर एकच होता, सत्तावीस सोळा. बाकी कुठल्याही दिवशी दुपारी तो नंबर नव्हता.

लेक म्हणाली, "आई, तू लवकर निघाली नाहीस. ती बस मागे आहे. तिचं घड्याळ मागे आहे."

मुकादमबाईचा श्वास मोकळा झाला, पण लगेच तिला मॅनेजरचा मऊ आवाज ऐकू आला. तो म्हणेल, ही बस लवकर येते, म्हणून तुम्ही त्या पाच दिवशी लवकर निघत होतात. म्हणेलच. अडतीसचा अर्थ त्याने आधीच लावून ठेवला होता. आता त्याला फक्त बसचा नंबर मिळेल. तिने पानं पुन्हा पहिल्यापासून घेतली, या वेळी फक्त सकाळच्या ओळी. सत्तावीस सोळा हा नंबर सकाळी कुठे सापडतो का, एवढंच ती बघत होती.

तो पाचव्या पानावर सापडला, एकदाच. तिने ती ओळ वाचली, वरची ओळ वाचली, पुन्हा खालची वाचली. मग पट्टी लेकीकडे सरकवली आणि म्हणाली, "हे मोठ्याने वाच."

लेकीने वाचलं. घराजवळच्या स्टॉपवर पहिल्या बसमध्ये चढली, सात वाजून दोन मिनिटं. चौकात उतरली, सात चोवीस. चौकात दुसऱ्या बसमध्ये, सत्तावीस सोळामध्ये चढली, सहा अठ्ठावन्न. म्हाताऱ्याच्या स्टॉपवर उतरली, सात सतरा.

घराजवळून निघायच्या चार मिनिटं आधीच ती चौकातून पुढच्या बसमध्ये चढली होती. म्हाताऱ्याच्या स्टॉपवर ती उतरली तेव्हा तीच बाई अजून पहिल्या बसमध्येच बसलेली होती. लेकीला हसू फुटलं आणि ते आवरेना. मुकादमबाई हसली नाही. ती उठली आणि मॅनेजरचा कागद घेऊन आली. पाच दिवसांपैकी एक दिवस हाच होता. कंपनीने मागवलेल्या नोंदीत त्या दिवसाची सकाळही असणारच. पण कागदावर फक्त दुपार होती.

"यांनी ही ओळ पाहिली," ती म्हणाली. "पाहिली आणि कापली."

रांगेत आणि जिन्यात जो राग होता तो भडक होता, येत-जात होता. हा वेगळा होता. तो थंड होऊन छातीत बसला, आणि तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर गेली आणि ती ओळ कारकुनापुढे धरली. त्याने ती वाचली आणि पहिल्यांदाच कसनुसा हसला. ड्रायव्हरजवळच्या मशीनला डेपोतून वेळ मिळते, ती नीट मिळाली नाही तर घड्याळ मागे तरी पडतं नाहीतर पुढे पळतं, असं त्याने सांगितलं. किती बस अशा आहेत, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तक्रार आली तर बघतो. त्या "बघतो"ने तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिने फक्त शिक्का मागितला. त्याने सातही पानांवर शिक्के मारले.

कंपनीने भेटीला वेळ द्यायला आठवडा घेतला. म्हाताऱ्याचा तो चष्मेवाला मुलगा समोर असल्याशिवाय मी बोलणार नाही, असं तिने कळवलं होतं. तो आला, मॅनेजरच्या बाजूच्या खुर्चीत बसला आणि तिच्याकडे न बघता टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिला. मुकादमबाईने पाचवं पान मॅनेजरपुढे ठेवलं आणि चार ओळी मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याने मनात वाचल्या. ती म्हणाली, मोठ्याने. त्याने वाचल्या. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज आणखी मऊ झाला.

"म्हणजे मी घरातून निघायच्या आधी चौकात होते," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीत पंख देतात का कामाच्या बायकांना?"

मॅनेजर म्हणाला की मशीनमध्ये क्वचित असा दोष असू शकतो. तिने त्याचा जुना कागद शेजारी ठेवला आणि त्याच तारखेवर बोट टेकवलं.

"या दिवसाची सकाळ कुठे गेली?"

मॅनेजर म्हणाला की प्रश्न दुपारचा होता, म्हणून दुपारच्याच नोंदी घेतल्या. मग सकाळ पाहिलीच नव्हती का, असं तिने विचारलं. त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. चष्मेवाल्याने पेन खाली ठेवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मॅनेजर म्हणाला, "त्या ओळीत काहीतरी गडबड दिसत होती, म्हणून ती घेतली नाही. आणि नोंदीवरून निर्णय आम्ही पहिल्यांदा घेतलेला नाही. गेल्या वर्षीसुद्धा एकीच्या बाबतीत घेतला होता. तिने तर वादही घातला नाही."

चष्मेवाला पान आपल्याकडे ओढून बसला होता. तो मनाशी हिशोब करत होता हे त्याच्या ओठांवरून कळत होतं. अडतीसातून नेहमीची सहा गेली, राहिली बत्तीस. बारा सदतीस अधिक बत्तीस. एक वाजून नऊ. स्टॉपपर्यंत चालत सात मिनिटं.

"म्हणजे बाबा पडले ते तुम्ही निघाल्यावर," तो म्हणाला. "मी यायच्या आधीच्या तेरा मिनिटांत."

"हो."

ती एवढंच म्हणाली. कठड्याचं ती बोलली नाही. बोलायची तिची इच्छा होती, शब्द ओठांवर आले होते, आणि ते न बोलण्यात मोठेपणाही नव्हता. त्याचा चेहरा बघून तिला कळलं होतं की त्याला ते आठवलंय, आणि ते त्याला तिच्या तोंडून ऐकायचंय, म्हणजे निदान कुणी तरी बोललं असं होईल. ते समाधान तिने त्याला दिलं नाही. तो चुकलं म्हणाला, रागाच्या भरात बोललो म्हणाला. ती म्हणाली की ऑफिसातली माफी ऑफिसात ठेवा. मला बोललात ते जिन्यात, दारं उघडी असताना.

तो जिन्यात बोलला. तिने त्याच्याकडून ते बोलून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून त्याने खालच्या मानेने सांगितलं की या बाई वेळेवर गेल्या होत्या, कागद चुकीचा होता, मी चुकलो. दोनच दारं उघडली. बाकीच्यांना त्यात रस नव्हता. मुकादमबाईला वाटलं होतं की हे ऐकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दार उघडं होतं, आतला पलंग दिसत होता, त्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती चटकन वळून उतरू लागली.

कंपनीने पत्र पाठवलं. त्यात "गैरसमज" हा शब्द होता. तिने तो पेन्सिलीने खोडून वर "चूक" लिहिलं आणि पत्र परत पाठवलं. तीन वेळा पत्र गेलं, तीन वेळा आलं. चौथ्यांदा "चूक" असं टाइप करून आलं, खाली मॅनेजरची सही. एप्रन घ्यायला मात्र ती गेली नाही. पुढे तिने ओळखीतून थेट दोन घरं धरली, आणि त्या घरांत पहिल्याच दिवशी पलंगाला कठडा लावून घेतला.

पण वाद न घालणारी ती बाई तिच्या डोक्यातून जाईना. विचारत विचारत तिने तिचा पत्ता काढला. कंपनीत तिला सगळ्या उंची म्हणायच्या, कारण ती दारातून वाकून आत यायची. आता ती एका मोठ्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. वाफेने भरलेल्या त्या खोलीत मशीनच्या आवाजात मुकादमबाईने तिला सगळं ओरडून सांगितलं: बस, घड्याळ, सकाळची कापलेली ओळ. उंचीच्या हातातली इस्त्री थांबली. तिने ती उभी करून ठेवली.

"मला त्यांनी दाखवलं की मी रोज वीस-वीस मिनिटं उशिरा जाते," ती म्हणाली. "मला वाटलं, जात असेन. माझंच घड्याळ मागे पडत असेल. मी नवीन घड्याळ घेतलं. तेही मागेच पडतंय असं वाटायचं. मग त्यांनी काढलं, आणि मी त्या कामाचं नावच टाकलं."

तिच्या मनगटावर ते घड्याळ होतं. ते बरोबर चालत होतं. मुकादमबाईने ते बघितलं, भिंतीवरचं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं. स्वतःसाठी तिला इतका राग आला नव्हता. एक उभी-आडवी धडधाकट बाई वर्षभर स्वतःलाच खोटं समजून जगत होती, आणि वाद घातला नाही म्हणून मॅनेजर तिची गोष्ट दाखल्यासारखी वापरत होता.

उंची म्हणाली, आता काय उपयोग, वर्ष होऊन गेलं. मुकादमबाईने विचारलं, कार्डाचा नंबर आठवतो का? नव्हता आठवत. पण कामावरून काढल्याचा कागद घरी पेटीत होता, आणि त्याच्या कोपऱ्यात नंबर असणार हे मुकादमबाईला पक्कं माहीत होतं.

"सुट्टी कधी?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी दहाला बस खात्याच्या काउंटरवर ये. अर्ज मी सांगते तसा लिहायचा. सगळ्या ओळी मागायच्या, सकाळच्या पण."

उंचीने मान हलवली, नुसती. येईल की नाही ते मुकादमबाईला कळलं नाही. गुरुवारी ती पावणेदहालाच रांगेत जाऊन उभी राहिली. कारकुनाने तिला लांबून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दहा वाजून पाच मिनिटांनी उंची वाकून दारातून आत आली, हातात चार घड्या पडलेला कागद होता. मुकादमबाईने तिला आपल्या पुढे उभं केलं. उंची मध्येच घुसली म्हणून रांगेतला एक जण कुरकुरला. मुकादमबाईने मान वळवून त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तो गप्प झाला.